सावर, पण इतक्यात नको

सतराव्या वर्षी झालेल्या प्रेमभंगाला आपल्याकडे स्वतःचं असं नावच नाही. 'वय आहे ते', 'अभ्यासात लक्ष नाही', 'आधी तो मोबाईल काढून घ्या' ही त्याची घराघरातली नावं. चाळिशीतल्या माणसाचा घटस्फोट झाला की लोक आवाज खाली करून बोलतात. सतरा वर्षांच्या पोरीला कुणी सोडून गेलं तर लोक हसतात. प्रेमळपणे हसतात, पण हसतात.

म्हणून ऑलिव्हिया रॉड्रिगोच्या पहिल्या अल्बमबद्दल लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. इंग्रजीत त्याचं नाव 'आंबट' या अर्थाचं. देवनागरीत लिहायला गेलो तर झालं 'सावर'. आता गंमत बघा, घरातली मोठी माणसं अशा वेळी नेमकं हेच सांगतात ना? सावर स्वतःला. आणि या अकरा गाण्यांमधली पोरगी पहिल्या मिनिटापासून जवळजवळ शेवटपर्यंत अजिबात सावरायला तयार नाही. माझ्या मते या अल्बमचं सगळं मोठेपण त्यातच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑलिव्हिया रॉड्रिगोचा जन्म २००३ चा, वाढली दक्षिण कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला-मरिएटा भागात. वडिलांकडून फिलिपिनो वंशाची. लहानपणापासून डिस्नेच्या मालिकांमधून कामं. ८ जानेवारी २०२१ ला 'ड्रायव्हर्स लायसन्स' हे तिचं गाणं आलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या नंबरावर उतरलं आणि तिथे आठ आठवडे बसून राहिलं. मग २१ मे २०२१ ला पूर्ण अल्बम. अकरा गाणी, जेमतेम पस्तीस मिनिटं. बहुतेक सगळं काम ती आणि तिचा निर्माता डॅन नाइग्रो, या दोघांचंच. २०२२ च्या एप्रिलमध्ये तीन ग्रॅमी. झाला बायोडेटा.

आता मुद्द्याचं.

पौगंडावस्थेतल्या प्रेमावर आपल्याकडे उत्तम काम झालंय. मिलिंद बोकीलांची 'शाळा' (२००४) घ्या. नववीतला मुकुंद आपल्याशी बोलतो तेव्हा तो नववीतलाच वाटतो, इतकं ते अस्सल आहे. पण लिहिणारा माणूस चाळिशी ओलांडलेला होता, आणि आपण ती वाचतो तीही 'काय दिवस होते यार' असं म्हणत. म्हणजे जखम बरी झालेली आहे, आपण फक्त व्रण दाखवतोय. किशोरवयीन प्रेमावरची जगातली बहुतेक पुस्तकं, सिनेमे आणि गाणी अशीच असतात. मोठ्यांनी आठवून लिहिलेली.

आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर ते पोस्टमॉर्टेम. सर्व्हर कोसळतो, रात्रभर धावपळ होते, आणि चार दिवसांनी कुणीतरी शांतपणे डॉक्युमेंट लिहितो: अमुक वाजता अमुक झालं, मूळ कारण हे, यापुढे ही काळजी घेऊ. अतिशय समंजस डॉक्युमेंट असतं ते. पण त्या रात्री नक्की काय चाललं होतं हे बघायचं असेल तर लॉग उघडावे लागतात. त्यात शहाणपण नसतं, निष्कर्ष नसतात. एकच एरर चारशे वेळा छापलेली असते. आणि खरं तेच असतं.

'सावर' हा लॉग आहे. सगळं कोसळलेलं असताना लिहिलेला.

'ड्रायव्हर्स लायसन्स'पासूनच सुरुवात करू. गाणं सुरू होतं तेव्हा गाडीचा दरवाजा उघडा असल्यावर जो टिंग टिंग आवाज येतो तो ऐकू येतो. तो तिच्या आईच्या गाडीचा खराखुरा आवाज आहे. त्या टिंग टिंगमधूनच पियानोचा सूर सुरू होतो. गोष्ट एवढीच की लायसन मिळालं, ज्या मुलासाठी मिळवायचं होतं तो आता दुसरीबरोबर आहे, आणि ही एकटी गाडी घेऊन त्याच्या घरावरून जाते आहे. बस. प्लॉट संपला.

हे तिकडे इतकं का भिडलं ते कळायला त्या भागाचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. अमेरिकन उपनगरात चालत जाण्यासारखं जवळ काहीच नसतं. आईबापांनी सोडलं तर कुठे जाणं, नाहीतर घरी बसणं. कॅलिफोर्नियात सोळाव्या वर्षी लायसन मिळतं, म्हणजे सोळाव्या वर्षी पहिल्यांदा पाय फुटतात. (त्यातही गंमत म्हणजे पहिलं वर्षभर वीस वर्षांखालच्या मित्राला शेजारी बसवायचं तर गाडीत पंचविशीचा तरी कुणी लायसनवाला माणूस लागतो. म्हणजे प्रेम टिकलं असतं तरी हे दोघं एकटे फिरले नसतेच. कायदा आड आला असता!) आपल्याकडे चारचाकीचं लायसन अठराव्या वर्षी आणि त्याची आठवण म्हणजे आरटीओबाहेरचा एजंट आणि आठचा आकडा. त्यावर कुणी प्रेमगीत लिहील असं वाटत नाही.

पण त्या गाडीचं दुसरं एक काम आहे आणि ते आपल्यालाही कळेल. गाडी ही रडायची जागा आहे. काच वर केली की कुणाला ऐकू जात नाही.

आपल्याकडे ही जागा कुठे असते हो? वन-बीएचकेमध्ये सतरा वर्षांच्या माणसानं रडायचं कुठे? बाथरूममध्ये, नळ सोडून. गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या मागे. नाहीतर थेट गर्दीत. हॉस्टेलला आमच्या शेजारच्या खोलीत एक मुलगा होता. पहिल्या वर्षाला असताना त्याचं गावाकडचं प्रकरण संपलं. अकरावीपासूनचं होतं, आणि संपलं ते एका मेसेजवर. त्यानंतर त्यानं पीएमपीचा पास काढला. संध्याकाळी कात्रजला बसमध्ये बसायचा, खिडकीची जागा मिळाली की कानात इअरफोन घालायचा, निगडीपर्यंत जायचा आणि परत यायचा. रोज. कंडक्टर ओळखायला लागला होता म्हणे. सेमिस्टरचा निकाल लागला, दोन केट्या. वडील गावाहून आले. स्वभावाने चांगले होते, ओरडले वगैरे नाहीत. कँटीनमध्ये आम्हा सगळ्यांना चहा पाजला आणि तासभर फक्त केटीबद्दल बोलले. कुठला विषय, क्लास लावायचा का, पेपर परत कधी. दुसरी गोष्ट त्यांना माहीत नव्हती आणि ती त्यांना सांगता येईल असा एकही शब्द त्या पोराकडे नव्हता.

त्याच्या कानात काय वाजायचं, तर अरिजित. तेव्हा 'ऐ दिल है मुश्किल' (२०१६) नुकताच येऊन गेला होता. आता त्यातली माणसं कोण, तर खाजगी विमानानं फिरणारी, दाढी राखून लंडनमध्ये दुःखी होणारी. गाणी सुंदरच आहेत, वाद नाही. पण सतरा-अठरा वर्षांच्या पोराला दुःख करायला तिशीच्या माणसाचे कपडे उसने आणावे लागतात, आणि ते ढगळ होतात. आपल्या भावगीतांचंही तेच. त्यातला विरह इतका सुसंस्कृत की ऐकताना आपोआप पाठ ताठ होते.

'सावर'मध्ये कपडे तिच्या मापाचे आहेत. म्हणजे कसे, ते बघा.

पहिलंच गाणं 'ब्रूटल'. सुरुवातीला व्हायोलिनं वगैरे, वाटतं आता काहीतरी गंभीर येणार. मग एकदम ते मोडून कर्कश गिटार. आणि तक्रारींची यादी. त्यात मोठ्या वेदनेच्या शेजारी ही तक्रार आहे की मला दोन गाड्यांच्या मध्ये गाडी लावता येत नाही. पुढे दोनच गाण्यांनंतर ही बाई लायसन मिळाल्याचं गाणार आहे, लक्षात घ्या :-) मोठ्या माणसानं लिहिलं असतं तर ही ओळ त्यानं 'किरकोळ' म्हणून कापली असती. पण त्या वयात किरकोळ आणि गंभीर असे दोन वेगळे खण नसतातच.

'ट्रेटर' म्हणजे गद्दार. यातला मुद्दा फार बारीक आहे. त्यानं फसवणूक केली का? तांत्रिकदृष्ट्या नाही. ब्रेकअप झाल्यावरच तो दुसरीबरोबर गेला, पण दोन आठवड्यांत. म्हणजे मनानं आधीच गेला होता. नियमात बसतं आणि तरीही गद्दारीच आहे, असा तिचा युक्तिवाद. वयानं वाढलेली माणसं हा वाद घालत नाहीत, 'जाऊ दे' म्हणतात. सतराव्या वर्षी माणूस हा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत लढतो.

'गुड फोर यू' हे सगळ्यात गाजलेलं. नुसत्या बासवर सुरू होतं, मग ड्रम अंगावर येतात. वा वा, तुझं छान चाललंय, मजा आहे बुवा तुझी, असा सगळा उपरोध. त्यात एक टोमणा असा की तुला थेरपिस्ट मीच शोधून दिली होती, तिचा उपयोग झालेला दिसतोय. आणि 'हॅपियर'मध्ये ती त्याला शुभेच्छा देते, पण अट घालून. सुखी राहा, पण माझ्याबरोबर होतास त्यापेक्षा जास्त नको. किती क्षुद्र! आणि किती खरं. मला सांगा, आपल्या जुन्या माणसाला मनापासून, विनाअट शुभेच्छा कुणी पहिल्या सहा महिन्यांत दिल्यात का? देतात ते एक तर संत असतात किंवा खोटं बोलत असतात.

'इनफ फॉर यू' सगळ्यात हळू आणि मला विचाराल तर सगळ्यात जड. त्याला आवडावं म्हणून ती काय काय करत होती त्याचा हिशेब आहे. मेकअप केला, त्याची ती स्वतःला सुधारायची पुस्तकं वाचली म्हणजे त्याला आपण हुशार वाटू. यात रडारड नाही, नुसता जमाखर्च आहे. हे फक्त कॅलिफोर्नियातल्या पोरी करतात असं नाही. फर्ग्युसन रस्त्यावर उभं राहून कुणालाही विचारा.

आता एक आक्षेप नेहमी येतो की हे सगळं उचललेलं आहे. यात तथ्य किती ते पाहू, कारण प्रकरण गमतीचं आहे. एका गाण्यात टेलर स्विफ्टच्या २०१७ च्या गाण्याची धून घेतली होती आणि तिथे श्रेय पहिल्यापासून दिलेलं होतं. 'डेजा वू'साठी २०२१ च्या जुलैमध्ये स्विफ्ट आणि तिच्या दोन सहलेखकांची नावं नंतर घातली गेली. ऑगस्टमध्ये 'गुड फोर यू'च्या श्रेयात पॅरामोर बँडच्या हेली विल्यम्स आणि जॉश फॅरो यांची नावं आली, त्यांच्या २००७ च्या 'मिझरी बिझनेस' गाण्याशी साम्य आहे म्हणून. 'ब्रूटल'ची गिटार तर एल्व्हिस कॉस्टेलोच्या १९७८ च्या 'पंप इट अप'सारखी आहे असं लोकांनी त्यालाच जाऊन सांगितलं. त्यानं काय करावं? माझी काही हरकत नाही म्हणाला, रॉक संगीत असंच चालतं. आणि आपलं ते गाणं बॉब डिलनच्या आणि डिलनचं चक बेरीच्या कुठल्या गाण्यावरून निघालं याचा पत्ताही देऊन टाकला.

ओपन सोर्सवर पोट असणाऱ्या आम्हा लोकांना यात धक्का बसण्यासारखं काही नाही. कोड वापरा, वरती नाव ठेवा, विषय संपला. आणि मराठी माणसाला तर मुळीच बसू नये. आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर सरळ 'चाल – अमुक' असं छापलेलं असायचं. कुणाला त्यात चोरी दिसली नाही, कारण चाल जुनी असली तरी शकुंतलेचं दुःख त्या रात्रीपुरतं नवीन असायचं.

पण खरी मजा वेगळीच आहे. 'डेजा वू' हे गाणं कशाबद्दल आहे? तर त्या मुलानं नव्या मैत्रिणीबरोबर तेच सगळं परत चालवलंय. तेच आइस्क्रीम, तीच समुद्राकाठची चक्कर, तेच बिली जोएलचं गाणं जे हिनं त्याला शिकवलं होतं. आमच्या दोघांचं म्हणून जे होतं ते याने रीयूज केलं, अशी तक्रार. आणि नेमकं याच गाण्याला दुसऱ्याची नावं जोडावी लागली! यात मला विनोदापेक्षा जास्त काहीतरी दिसतं. प्रेमातलं 'फक्त आपलं' असं जे असतं ते सगळं कुठून तरी आलेलंच असतं. आइस्क्रीम दुकानदाराचं, गाणं बिली जोएलचं. तरीही ते दुसऱ्या कुणाला दिलेलं पाहिलं की पोटात खड्डा पडतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. (बिली जोएलनं मात्र मोठेपणा दाखवला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यानं तिला स्टेजवर बोलावलं आणि ते गाणं दोघांनी मिळून गायलं.)

दुसरा आक्षेप असा की हे पोरींचं संगीत आहे. याचं उत्तर मी देण्याची गरजच नाही, ते 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'वाल्यांनी दिलंय. २० फेब्रुवारी २०२१ च्या भागात एक प्रहसन होतं. बारमधलं बिलियर्डचं टेबल, भोवती दणकट बाप्ये, आणि कुणीतरी 'ड्रायव्हर्स लायसन्स' लावतं. आधी सगळे नाक मुरडतात. मग एकेकाला कुणीतरी आठवायला लागतं. आणि गाण्यात तो मधला भाग येतो, जिथे तिचे एकावर एक आवाज चढत जातात, तेव्हा सगळे गळ्यात गळे घालून मोठमोठ्यानं गातात. त्याच दिवशी ती अठरा वर्षांची झाली, हा योगायोग.

ते बाप्ये का रडतात? माझा अंदाज सांगतो. त्यांच्यातला प्रत्येकजण कधीतरी सतरा वर्षांचा होता आणि तेव्हा त्याला कुणीतरी 'होतं रे असं' म्हटलं होतं. सांत्वनाला कुणी आलंच नव्हतं, त्यामुळे ते दुःख कधी संपलंही नाही. नुसतं मागे पडलं. आपण मोठे झालो म्हणजे ते लहान झालं असं आपण गृहीत धरतो. पण सतरा वर्षांच्या माणसाकडे मागे बघायला एकूण आयुष्यच किती असतं? त्यातलं दीड वर्ष कुणीतरी घेऊन गेलं तर ते भरपूर आहे. चाळिशीत दीड वर्ष गेलं तर तो आकडा वेगळा. साधी टक्केवारी आहे ही.

आणि हा अल्बम आला कधी, तेही आठवा. २०२१ चा मे, आपल्याकडे दुसरी लाट. बाहेर इतकं मोठं काही चाललेलं असताना कुणी आपल्या ब्रेकअपबद्दल बोलायचं म्हणजे लाजच वाटावी. पण त्या वर्षभरात अकरावी-बारावीची पोरं घरात कोंडली गेली होती, कॉलेज झूमवर, आणि प्रेमं जुळली-तुटली ती सगळी आईवडिलांपासून दहा फुटांवर, म्यूटवर. त्यांचं दुःख कुठल्याही यादीत लागत नव्हतं. पहिला नंबर नव्हताच, पण यादीत तरी असायला हवं होतं ना.

शेवटी एक सांगतो आणि थांबतो. अकरावं गाणं आहे 'होप यू आर ओके'. दहा गाणी 'मी, मी, मी' केल्यावर इथे पहिल्यांदा ती मान वर करून दुसऱ्यांकडे बघते. लहानपणीचा एक मुलगा, ज्याच्या घरी बाप धड नव्हता. एक मैत्रीण, जी ज्या कुणावर प्रेम करत होती ते तिच्या घरच्यांना मान्य नव्हतं. कुठे असतील, बरे असतील ना, एवढंच. तो 'तो' या गाण्यात नाहीच. सावरणं म्हणतात ते बहुधा हेच असावं. पण तिथे ती स्वतःच्या पायांनी, दहा गाण्यांनंतर पोचते. पहिल्याच गाण्याला कुणी 'सावर' म्हणून तिला गप्प केलं असतं तर हे अकरावं गाणं आलं नसतं.

तर या वीकएंडला पस्तीस मिनिटं काढा. शफल बंद करा, गाणी क्रमानंच ऐका, नाहीतर शेवटच्या गाण्याची मजा जाईल. आणि घरात एखादं सतरा वर्षांचं माणूस दार लावून, कानात हेडफोन घालून बसलेलं असेल तर लगेच दार वाजवू नका. जेवायला वाढून ठेवा. बाहेर आलं की बारावीबद्दल सोडून काहीही विचारा.